न विचारण्याची नीती

नीतिशास्त्राचे ग्रंथ चाळले म्हणजे असे वाटू लागते की, मनुष्याच्या कसोटीचे प्रसंग राज्यत्याग, प्राणार्पण, सत्यासाठी भोगलेला कारावास अशा मोठ्या घटनांतच येत असावेत. परंतु सामान्य मनुष्याच्या वाट्याला असले प्रसंग आयुष्यात फार तर एकदोनदा येतात, आणि पुष्कळांच्या वाट्याला मुळीच येत नाहीत. त्याची नीती जी काय असेल ती खाण्यापिण्यात, बाजारहाटात आणि शेजारपाजारात प्रकट व्हावयाची. म्हणून नाशिकच्या एका लहानशा उपाहारगृहातील रविवारच्या मिसळीपासून मी एका नैतिक प्रश्नाचा विचार आरंभिला, तर वाचक त्याला थट्टा समजणार नाहीत अशी आशा आहे.

नाशिकात रविवारची सकाळ ही मिसळीची सकाळ असते. शहराबाहेर गंगापूर रस्त्याला, मखमलाबादच्या बाजूला, झाडांखाली टेबले मांडून चुलीवरची मिसळ देणारी ऐसपैस ठिकाणे निघाली आहेत, आणि तेथे सकाळपासूनच मोटारींची दाटी होते. माझे ठिकाण त्यांपैकी नव्हे. ते गावात, रविवार कारंजाच्या मागल्या अंगाला एका गल्लीत आहे. आत सात टेबले, भिंतीवर देवाची तसबीर, तिच्याखाली दरपत्रक, आणि गल्ल्यावर बसलेले मालक. मटकीची उसळ, तिच्यावर शेव, चिरलेला कांदा व कोथिंबीर. शेजारच्या वाटीत काळ्या मसाल्याचा रस्सा. पाव, पापड, लिंबाची फोड, आणि जिभेचा दाह शमविण्यासाठी दही. रस्सा संपला की पुन्हा मागावा; त्याचे निराळे पैसे पडत नाहीत. या खाण्याला न्याहारी म्हणावे तर दुपारचे जेवण त्यापायी बुडते, आणि जेवण म्हणावे तर त्याची वेळ झालेली नसते. सहा दिवस घड्याळाने हाकलेला मनुष्य सातव्या दिवशी घड्याळाला चकवितो, त्यातलाच हा प्रकार आहे.

जागा सात टेबलांची आणि गर्दी वीस टेबलांची. तेव्हा आपल्या समोर कोणीतरी अपरिचित मनुष्य येऊन बसणार हे ठरलेलेच असते. तो "बसू का?" एवढेच विचारतो, आणि त्याचेही उत्तर ऐकण्यापूर्वी बसतो. त्यानंतर कोणी कोणाला काही विचारीत नाही. नाव, गाव, आडनाव, कुळ, धंदा, काहीच नाही. तो लिंबाची फोड आपल्याकडे सरकवतो, आपण पाण्याचा जग त्याच्याकडे सरकवितो. पंधरावीस मिनिटे दोन माणसे हातभर अंतरावर बसून एकच अन्न खातात आणि उठून जातात. यात कोणाला काही विशेष वाटत नाही.

मला मात्र हे न वाटणे फार विशेष वाटते. कारण या न विचारण्यापर्यंत येण्यास महाराष्ट्राला किती वाट तुडवावी लागली, हे थोडे आठवून पाहावे. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झाले. व्याख्यानानंतर मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. ती कोणी घेतली, कोणी हाताळून ठेवली. परंतु उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि एका पेल्यावरून ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. न्यायमूर्ती रानडे आणि टिळक यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या वादातून सुटका झाली नाही. कोणाच्या हातचे, कोणाच्या घरी, कोणाच्या शेजारी बसून खाल्ले, हा प्रश्न त्या काळी मनुष्याच्या सर्व विद्वत्तेहून व देशसेवेहून मोठा होता.

आणि ज्यांना विटाळाच्या नावाखाली दाराबाहेर ठेविले होते, त्यांच्या वाट्याला तर हा वादही आला नाही. माझ्या त्या गल्लीतून निघून अहिल्यादेवी होळकर पुलावरून गोदावरी ओलांडली की पंचवटी लागते, आणि थोड्याच वेळात आपण काळाराम मंदिराच्या दाराशी पोचतो. २ मार्च १९३० रोजी त्या दाराशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड व त्यांचे सहकारी यांनी तो वर्षानुवर्षे चालविला, मार खाल्ला, तुरुंग सोसला. दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यास बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याचे जाहीर केले, ते या बंद दारासमोर काढलेल्या वर्षांनंतर. पुलाच्या एका टोकाला ते दार आणि दुसऱ्या टोकाला माझे मिसळीचे टेबल आहे. मधले अंतर पायी चालावयास फार नाही.

उपाहारगृहांची कथाही देवळांहून फारशी निराळी नव्हती. कित्येक ठिकाणी दलितांसाठी कपबशी वेगळी ठेवीत, ती त्यांनी स्वतः विसळून बाहेरच्या फळीवर पालथी घालावी असा शिरस्ता असे. रत्नागिरीस १९३३ साली सावरकरांनी सर्व जातींच्या हिंदूंना एकत्र बसता यावे म्हणून मुद्दाम एक उपाहारगृह काढले. साध्या चहासाठी असा उपक्रम योजावा लागला, यावरून इतर उपाहारगृहांत काय चालत असेल याची कल्पना येते. पुढे राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांचा नाव घेऊन उल्लेख झाला, आणि १९५५ च्या अस्पृश्यताविषयक कायद्यात उपाहारगृहातील भांडी वापरण्याचा हक्कही शब्दांत लिहावा लागला. ज्या देशाच्या कायद्याला भांड्यांची गोष्ट लिहावी लागते, त्या देशात समोरच्याला काही न विचारता त्याच्याकडे पाण्याचा जग सरकविणे ही किरकोळ गोष्ट नव्हे.

आता येथे एक आक्षेप येतो, आणि तो बळकट आहे. कोणी म्हणेल, "तुम्ही ज्याला समता म्हणता तो निव्वळ पैशाचा व्यवहार आहे. मालक जात विचारीत नाही, कारण त्याला गिऱ्हाईक हवे आहे. समोरचा विचारीत नाही, कारण त्याला भूक आहे आणि तुमच्याविषयी त्याला यत्किंचितही आस्था नाही. हाच समोरचा गृहस्थ उद्या आपली खोली भाड्याने देताना आडनाव विचारील आणि मुलीचे लग्न ठरविताना पोटजातही विचारील. दुर्लक्षाला सद्गुणाचे नाव का देता?"

या आक्षेपातील वस्तुस्थिती मला मान्य आहे. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मान्य नाही. दुर्लक्ष हा सद्गुण नसेल, पण ज्याच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या नको तितके लक्ष दिले गेले, त्याच्या दृष्टीने दुर्लक्ष ही विश्रांती असते. आपण कोठून आलो, कोणाचे कोण, याचा खुलासा केल्यावाचून चार घास खाता येणे, हा काय आनंद आहे, हे ज्याला कधी खुलासा करावाच लागला नाही त्याला कळणे कठीण. जुन्या पंगतीत आग्रह होता, जिव्हाळा होता, यजमान हात जोडून उभा राही. पण पाट कोठे मांडावयाचा हे जेवणाऱ्याच्या जन्मावर ठरलेले असे. मिसळीच्या टेबलाशी जिव्हाळा नाही, आणि पाटही ठरलेला नाही. पैसा आंधळा आहे, ही त्याची मोठीच उणीव. ज्याच्या खिशात तो नाही त्याला तो दाराबाहेरच ठेवितो, हेही खरे. परंतु जेथे डोळस लोकांनी इतका अन्याय केला, तेथे या आंधळ्याने थोडा न्याय केला, हे मान्य करण्यात कमीपणा कसला?

असा विचार करीत मी त्या टेबलाशी नऊ वर्षे रविवार घालविले, आणि आपण एका न्याय्य जागी बसलो आहो असे समाधान मनाशी बाळगले. त्या समाधानाला तडा गेला तो गेल्या पावसाळ्यात.

श्रावणातला रविवार होता. धरणातून पाणी सोडलेले, गोदावरी चढलेली. दुतोंड्या मारुतीच्या कोठवर पाणी आले ते पाहण्यास सारा गाव घाटाकडे लोटला होता. गल्लीत शुकशुकाट होता आणि उपाहारगृहात आम्ही तिघेच. तेथे वाढण्याचे काम करणारे एक पन्नाशीचे गृहस्थ आहेत. त्यांना सर्वजण मामा म्हणतात. रविवारी सकाळी त्या सात टेबलांवरून "मामा, रस्सा!", "मामा, दोन पाव!" असा पुकारा चाललेला असतो, आणि रश्श्याचे भांडे घेऊन मामा या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड फिरत असतात. त्या दिवशी प्रथमच मी त्यांना भिंतीला टेकून स्वस्थ उभे असलेले पाहिले. काहीतरी बोलावयाचे म्हणून मी म्हणालो, "मामा, आज जरा उसंत मिळाली. एरवी तुमची सुटी कधी असते?"

ते म्हणाले, "मंगळवारी. मालक चांगले आहेत, सुटीचे पैसे कापत नाहीत. पण मंगळवारी पोरं शाळेत अन् बायको कामाला. मग झोप काढतो."

एवढेच. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पण माझ्या घशाखाली तो घास लवकर उतरला नाही. नऊ वर्षांत मी त्या मनुष्याला आईच्या भावाच्या नात्याने हाक मारीत होतो आणि मला त्यांचे नाव ठाऊक नव्हते. ज्या न विचारण्याला मी समतेचे लक्षण समजत होतो, तेच न विचारणे मी त्यांच्याही बाबतीत पाळले होते; आणि तेथे ते समता नव्हते, सोय होती.

ज्या १८९० सालात पुण्यास चहावरून ग्रामण्य माजले, त्याच सालात मुंबईस आणखी एक गोष्ट घडली, आणि तिचा माझ्या रविवारशी अधिक जवळचा संबंध आहे. सत्यशोधक चळवळीतील नारायण मेघाजी लोखंडे हे १८८४ पासून गिरणीकामगारांसाठी आठवड्याच्या सुटीची मागणी करीत होते. १८९० च्या एप्रिलात महालक्ष्मीच्या मैदानावर कामगारांची प्रचंड सभा भरली, तीत स्त्री-कामगारही बोलल्या. आणि १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. रविवार हा आपल्याकडे खंडोबाचा वार. ज्यांचा खंडोबा होता त्यांना जेजुरीचे दर्शन घडावे, ज्यांचा नव्हता त्यांना निदान आपल्या मुलांचे तोंड उजेडी दिसावे, इतका त्या एका दिवसात अर्थ होता. माझी मिसळ खाण्याची ऐट त्या गिरणीकामगारांच्या श्रमावर उभी आहे, हे मला त्या श्रावणात प्रथम जाणवले. जो दिवस श्रमणाऱ्यांनी मिळविला तो मी उपभोगीत होतो, आणि माझा उपभोग साधावा म्हणून एक श्रमणारा त्याच दिवशी सर्वांत अधिक धावत होता.

कायदा याबाबतीत अगदीच झोपलेला नाही. दुकाने, उपाहारगृहे व नाटकगृहे यांतील नोकरांना साप्ताहिक सुटी मिळावी म्हणून १९४२ साली कायदा झाला. मुंबईच्या १९४८ च्या दुकानविषयक कायद्यातही ही सुटी सांगितलेली होती, आणि त्याच्या जागी आलेला महाराष्ट्राचा २०१७ चा कायदाही ती सांगतो. परंतु दोन गोष्टी कायद्याच्या हातून निसटतात. पहिली अशी की, २०१७ चा कायदा झाला तेव्हा दहांहून कमी कामगारांच्या आस्थापनांना त्यातील बहुतेक कलमांतून मोकळे ठेवले गेले. म्हणजे ज्या लहानपणामुळे ते उपाहारगृह मला घरगुती वाटते, त्याच लहानपणामुळे कायद्याचा हात तेथपर्यंत पोचत नाही. तेथे सर्व भिस्त मालकाच्या भलेपणावर. दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे. कायदा दिवस देऊ शकतो, पण तो सर्वांचा एकच दिवस असेल असे घडवून आणू शकत नाही. लोखंड्यांनी मिळविलेल्या रविवारचे मोल निव्वळ चोवीस तासांचे नव्हते. ते सर्वांना एकाच वेळी मिळालेले चोवीस तास होते. मंगळवारी एकट्याने काढलेली झोप ही विश्रांती खरी, परंतु तिला सण म्हणता येत नाही.

तर मग मूळ प्रश्न असा उरतो: एकाच टेबलाशी बसून, समोरच्याला न विचारणे चांगले आणि वाढणाऱ्याला न विचारणे वाईट, असे आपण कोणत्या आधारावर म्हणतो? दोन्हीकडे अपरिचित मनुष्य आहे, दोन्हीकडे मौन आहे.

प्रश्नाची जात ओळखण्याची एक खूण मला सुचते. ज्या प्रश्नाचे उत्तर ऐकून मी समोरच्या मनुष्याची जागा बदलणार असेन, त्याला वर किंवा खाली, जवळ किंवा दूर सरकविणार असेन, तो प्रश्न विचारू नये. ज्या प्रश्नाचे उत्तर ऐकून मला माझीच वागणूक बदलावी लागणार असेल, तो प्रश्न टाळू नये. कूळ विचारणारा पहिल्या प्रकारचा प्रश्न विचारतो. कष्ट विचारणारा दुसऱ्या. आणि जरा प्रामाणिकपणे पाहिले तर आपण दोन्ही प्रश्न एकाच वेळी सोडून दिले, पण निरनिराळ्या कारणांनी. पहिला सोडला तो लाज वाटली म्हणून आणि कायद्याने दटाविले म्हणून. दुसरा सोडला तो उत्तर महाग पडेल म्हणून.

यावर कोणी म्हणेल, कष्टकऱ्याला तुमच्या विचारपुशीचे काय होय? त्याला वेतन हवे, कळवळा नको. हे अर्धे खरे आहे. ज्या विचारपुशीनंतर विचारणाऱ्याचे मन हलके होते आणि विचारलेल्याचे ओझे तेवढेच राहते, ती विचारपूस न केलेलीच बरी. परंतु त्यावरून मौन निर्दोष ठरत नाही. आपल्या परंपरेत पापाहून निराळा असा ऋणाचा विचार आहे. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही सर्वश्रुत आहेत. शतपथ ब्राह्मणात त्यांच्या जोडीला चौथे, मनुष्यऋणही सांगितले आहे, आणि ते मनुष्यांना निवारा व अन्न देऊन फेडावयाचे आहे. ऋण असणे हा अपराध नव्हे. ते नाकारणे हा अपराध. पंगतीतून उठताना आपले वाडवडील "अन्नदाता सुखी भव" म्हणत, ते या ऋणाची पोच म्हणून. आपण पैसे मोजतो आणि पोच दिली असे समजतो. वस्तुतः पैशाने मिसळीची किंमत फिटते. मामांचा रविवार त्या दरपत्रकात कोठेच लिहिलेला नाही.

मी तेथे जाणे सोडून द्यावे काय? तो विचारही मनात येऊन गेला, परंतु त्याने मामांची सुटी वाढत नाही, वेतन मात्र धोक्यात येते. असा त्याग माझ्या मनाला सुखविणारा आणि त्यांना उपाशी ठेवणारा झाला असता. म्हणून आम्ही नेहमीचे चौघेजण एके दिवशी गर्दी ओसरल्यावर मालकांकडे गेलो, आणि महिन्यातून एक रविवार दुकान बंद ठेविल्यास आम्ही दुसरीकडे जाणार नाही, घरी पोहे करू, असे त्यांना सांगितले. ते हसले. म्हणाले, "साहेब, तुम्ही चौघे याल, बाकीचे शंभर जण पुढच्या गल्लीत जातील. रविवार गेला तर माझा आठवडा गेला." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. सात टेबलांच्या धंद्याचा हिशेब आम्हांला काय कळणार? मग आमच्यापैकी एकाने विचारले की, सगळे दुकान नको, पण वाढणाऱ्यांना आळीपाळीने महिन्याचा एकेक रविवार देता येईल का? त्या दिवशी हात कमी पडतील, आम्हांला उशीर होईल, तो आम्ही सोसू. आणि त्यापायी मिसळीचे चार रुपये वाढले तर तेही देऊ. मालक म्हणाले, "बघू."

'बघू' या शब्दाचा मराठीत बहुधा नकार असा अर्थ होतो, म्हणून मी त्यावर फारशी आशा ठेविली नव्हती. मामांना मी त्यांचे नाव मात्र विचारून घेतले, आणि आता त्या नावाने त्यांना हाक मारतो. ते नाव येथे देत नाही. ते त्यांचे आहे.

कार्तिकातल्या एका रविवारी आम्ही नेहमीप्रमाणे गेलो. गर्दी होती. माझ्यासमोर एक अनोळखी तरुण येऊन बसला. त्याने मला काही विचारले नाही, मी त्याला विचारले नाही. एक नवखा मुलगा, अठरा-एकोणीस वर्षांचा असेल, एकटाच सातही टेबलांवर धावत होता. रस्सा मागून बराच वेळ झाला तरी आला नाही. समोरच्या तरुणाने दोनदा मागे वळून पाहिले, आणि मग जरा त्रासून मला म्हणाला, "आज यांचे मामा कोठे गेले?"

मी सांगितले, "आज त्यांची सुटी आहे. घरी आहेत."

"रविवारी?" तो म्हणाला. मग त्याने हातातला पाव तसाच ताटलीत ठेवला, आणि आम्ही दोघे रश्श्याची वाट पाहत बसलो.